जन्म, आजार आणि मृत्यू : एका छताखालचे शिक्षण

रुग्णाची शुश्रूषा, बाळंतपण आणि मरणासन्न माणसाची सोबत ही तिन्ही कामे शतकानुशतके घरातल्या बायकांची मानली गेली. त्यांना अंगभूत माया लागते, अभ्यास लागत नाही, असा समज रूढ होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये या तिन्ही कामांचे शिक्षण आज एकाच विद्याशाखेत दिले जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्याशाखेच्या नावात परिचर्या, प्रसविकाशास्त्र आणि उपशामक शुश्रूषा हे तिन्ही विषय आहेत. ते एकत्र कसे आले, याचा इतिहास भारतातील वैद्यकीय शिक्षणाच्या धुरीणांनीही अभ्यासावा असा आहे.

क्रिमियन युद्धाच्या काळात लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या नाइटिंगेल निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. ही शाळा कोणत्याही धर्मसंघाशी बांधलेली नव्हती. तिचा पैसा रुग्णालयाच्या नव्हे, स्वतंत्र निधीच्या हाती होता. वॉर्डात प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीला व्याख्याने अशी तिची पद्धत होती. पुढे हीच परंपरा १९९० च्या दशकात किंग्ज कॉलेजमध्ये विलीन झाली.

प्रसविकांच्या शिक्षणाचा आरंभ मात्र अपयशाने झाला. नाइटिंगेल निधीच्या साह्याने किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुरू केलेला प्रसूतिकक्ष सूतिकाज्वराच्या साथीमुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला. नाइटिंगेल यांनी हे अपयश झाकून ठेवले नाही. त्यांनी ठिकठिकाणच्या मातामृत्यूंची आकडेवारी गोळा केली आणि घरच्या बाळंतपणापेक्षा प्रसूतिगृहातले बाळंतपण अधिक जीवघेणे ठरत असल्याचे १८७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. मायेला मोजमापाची जोड मिळाली, ती येथे. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने प्रसविकांची नोंदणी आली. आज तेथे प्रसविका होण्यासाठी आधी परिचारिका व्हावे लागत नाही. तो स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याची पदवीही स्वतंत्र आहे.

तिसरा धागा सिसिली सॉन्डर्स यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नाइटिंगेल यांच्याच शाळेत परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठदुखीमुळे ते काम सोडून त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि वेदनेवर काम करायचे तर डॉक्टर व्हावे लागेल हे उमजल्यावर १९५७ मध्ये डॉक्टरही झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. मरणाऱ्याची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा त्यांचा सिद्धान्त. परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर या तिन्ही भूमिका जगलेल्या व्यक्तीलाच तो सुचावा, हा योगायोग नव्हे. त्यांच्या नावाची संशोधनसंस्था २०१० मध्ये किंग्ज कॉलेजच्या परिसरात उभी राहिली आणि पुढे या विद्याशाखेचा भाग झाली.

अर्थात, विद्यापीठाने सारे प्रश्न सुटले असे नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून नव्या परिचारिकांसाठी पदवी अनिवार्य झाली. त्यानंतर २०१७ मध्ये सरकारने विद्यार्थिनींचे विद्यावेतन बंद करून कर्जाची वाट दाखवली. अर्ज घटले, आणि २०२० मध्ये वर्षाला किमान ५ हजार पौंडांचे अनुदान नव्याने द्यावे लागले. दरम्यान रिक्त जागा भरण्यासाठी परदेशी परिचारिकांवरचे अवलंबित्व वाढले. त्यांत भारतातून गेलेल्यांचा वाटा मोठा आहे. शिक्षणाचा दर्जा वाढवायचा आणि त्याचा भार शिकणाऱ्यांवर टाकायचा, हे गणित श्रीमंत देशालाही जमलेले नाही.

भारतात चित्र निराळे आहे. येथे परिचर्या आणि प्रसविकाशास्त्र एकाच अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि प्रसविकेचे काम परिचारिकेच्या कामात विरून जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी १८ महिन्यांच्या विशेष प्रसविका प्रशिक्षणाचे धोरण आणले. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे या प्रसविकांनी स्वतःच्या अधिकारात हाताळावीत, ही त्यामागची कल्पना. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याच्या नावात तर ‘प्रसविका’ हा शब्दही आला. नावातला हा बदल प्रसूतिकक्षातल्या अधिकारांपर्यंत पोहोचतो का, ही खरी कसोटी आहे.

उपशामक शुश्रूषेत महाराष्ट्र मागून आलेला नाही. देशातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. त्यानंतर १९९३ पासून कोळिकोडच्या कार्यकर्त्यांनी ही सेवा गावोगावी नेली आणि केरळ सरकारने २००८ मध्ये तिचे धोरणच केले. महाराष्ट्राने आरंभ केला, विस्तार मात्र केरळने. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ कमी केले. तरीही औषध उपलब्ध असणे पुरेसे नाही. ते ओळखून, मोजून, न घाबरता देणारे प्रशिक्षित हात लागतात. जगात ज्यांना या शुश्रूषेची गरज असते त्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

असे हात येथे नाहीत असे कोण म्हणेल? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारिणीची १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षे, शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. समाजाने तिला त्याग म्हटले. परंतु वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची अशी निगा राखणे हे उच्च प्रतीचे कौशल्यही आहे. त्यागाला हार घालता येतात. कौशल्याला वेतन, अधिकार, संशोधन आणि विद्यापीठात स्थान द्यावे लागते. परिचारिकांना ‘सिस्टर’ म्हणून आदर देणाऱ्या समाजाने आता हा दुसरा, अधिक खर्चिक सन्मान देण्याची तयारी ठेवावयास हवी.