डेडस्टॉकातला मिक्सर

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या कडेला. तिथल्या एका मंडळाला काही वर्षांपूर्वी सरकारी अनुदानातून ऑडिओ मिक्सर, दोन माईक आणि कॅमेरा मिळाला. गावच्या पोरांनी भजन-भारूड रेकॉर्ड करावं, शेतीच्या फिल्म काढाव्यात, असा विचार. म्हटलं, बघू तरी द्या. अण्णांना कपाटाची किल्ली शोधायला अर्धा तास लागला. मिक्सर निघाला तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट! वर ऑइलपेंटने डेडस्टॉकचा नंबर.

"अण्णा, वापरत का नाही?"

"वापरला आन् जळला तर ऑडिटवाला माझ्या मागं लागंल. कपाटात हाय तवर कोण विचारतंय?"

हसू आलं, पण अण्णांचं काय चुकलं? वस्तू वापरून बिघडली तर चौकशी, न वापरता खराब झाली तर रजिस्टरमध्ये ती 'सुस्थितीत'! आपल्याला मात्र माहीत आहे की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी खराब होतो.

आपल्या भागात या विषयाचं चांगलं उदाहरण म्हणजे सामुदायिक रेडिओ. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी 90.4 मेगाहर्ट्झवर, तर शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी 90.8 वर. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवान्याचं दार उघडलं. ट्रान्समीटर साधारण 50 वॅटचा, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे बारामतीचा आवाज पन्नासएक किलोमीटरवरच्या इंदापूरला पोचणार नाही. तिथं दुसरं केंद्रच हवं.

केंद्र सरकारने बाराव्या पंचवार्षिक योजनेत यासाठी 100 कोटींची योजना आणली. उपकरणांच्या खर्चाचा निम्मा वाटा, जास्तीत जास्त साडेसात लाख. 2017 मध्ये हा वाटा 75 टक्क्यांपर्यंत वाढवला. हॉस्टेलवर यावरून वाद झाला तेव्हा रूममेट म्हणाला, "बारामतीच्या संस्थांना काय कमी आहे? सरकारी पैसा कशाला?" बारामतीपुरतं त्याचं खरं असेलही. पण भिगवणकडच्या मच्छीमारांनी किंवा आमच्या गावच्या बचत गटाने केंद्र काढायचं म्हटलं तर उरलेला पाव हिस्सा उभा करतानाच दमछाक होईल. उजनीत घरदार गेलेली पिढी आता ऐंशीच्या पुढं आहे. त्यांच्या तोंडून जुन्या गावांची हकीकत रेकॉर्ड करायची तर ती आत्ताच. फाईल मंजूर होईपर्यंत ही माणसं थांबणार नाहीत.

माझा आक्षेप वेगळाच आहे. अनुदान मिळतं ते पेटीला, पेटी चालवणाऱ्याला नाही. यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत बसते. अर्थिंग नीट नसेल तर वळवाच्या एका पावसात वीज पडून अँटेनापासून पॉवर अँप्लिफायरपर्यंत सगळं जातं. दुरुस्तीचा पैसा जाहिरातीतून काढा म्हणावं, तर सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 रुपये होता, तो 2024 मध्ये 74 झाला. खेड्यातल्या केंद्राला अशा जाहिराती मिळणार किती? म्हणून मला वाटतं, मंजूर रकमेतला काही हिस्सा पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवलाच पाहिजे. आणि वापरताना झालेली मोडतोड हा गुन्हा नाही, असं त्या मंजुरीपत्रातच लिहावं. अण्णांसारख्यांना तेवढा कागद पुरेल.

आपणही काही साव नाही. शेवटच्या वर्षाला दरवर्षी कुणी ना कुणी एफएम ट्रान्समीटरचा प्रोजेक्ट करतो, व्हायवा झाला की लॅबच्या कपाटात टाकतो. त्याऐवजी एखाद्या केंद्राच्या अर्थिंगची तपासणी किंवा एसडब्ल्यूआर मोजून अँटेनाची दुरुस्ती हाच प्रोजेक्ट का धरू नये? एचओडी सरांना विचारलंय. "लेखी द्या, बघू," म्हणाले. लेखी दिलंय.

अण्णांचा मिक्सर मी तिथंच जोडून पाहिला. दुसऱ्या चॅनलचा फेडर खरखरतो, बाकी ठणठणीत आहे. पुण्याहून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे घेऊन उन्हाळ्यात येतो म्हणालो. किल्ली तेवढी या वेळी खुंटीला अडकवून ठेवा.