मिल्टनचा धडा आणि गाईडचे दास्य

इंग्रजी साहित्याच्या परीक्षा जवळ आल्या की विद्यापीठांच्या परिसरातील दुकानांत गाईडांच्या चळती लागतात. जॉन मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे बारा सर्गांचे महाकाव्य. पण ते मुळातून वाचण्याच्या फंदात परीक्षार्थी सहसा पडत नाही. कथासार, सैतानाचे स्वभावचित्र, भव्य शैलीची ठरावीक वैशिष्ट्ये आणि दोन-चार इंग्रज समीक्षकांची मते, एवढी शिदोरी त्याला पुरते. पदवी पदरात पडते. काव्याची भेट मात्र होत नाही.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. फेब्रुवारी १८३५ च्या कुप्रसिद्ध टिपणात मेकॉलेने भारताचे आणि अरबस्तानाचे समग्र वाङ्मय युरोपीय ग्रंथांच्या एका फळीपुढे तुच्छ ठरविले. आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही, अशी कबुलीही त्याने तेथेच दिली! त्याच मेकॉलेला लेखक म्हणून कीर्ती मिळाली होती ती १८२५ मधील मिल्टनवरील निबंधाने. न वाचता निकाल देणारा तो साहेब आणि न वाचता उत्तरे लिहिणारा आजचा परीक्षार्थी, यांत अंतर ते किती?

वस्तुतः मिल्टनचे चरित्रच या दास्याविरुद्ध साक्ष देते. तो लॅटिनचा प्रकांड पंडित. १६४९ पासून इंग्लंडच्या प्रजासत्ताकाचा परराष्ट्रीय पत्रव्यवहार तो लॅटिनमध्ये सांभाळी. तरीही आपले काव्य स्वदेशीयांसाठी स्वभाषेतच रचण्याचा मनोदय त्याने १६४२ मध्येच प्रकट केला होता. १६५२ पर्यंत दृष्टी पूर्ण गेली. तोंडी सांगून लिहविलेले महाकाव्य १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गीतार्थ मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या भूमीला हा स्वभाषेचा बाणा परका कसा वाटावा?

याच काव्याच्या नवव्या सर्गात मलबार आणि दख्खनमधील वटवृक्ष उभा आहे. त्याच्या पानांनी आदम आणि ईव्ह आपली लज्जा झाकतात. ती पाने ढालीएवढी रुंद असल्याचे मिल्टन सांगतो. पारंब्यांना झोके घेतलेल्या दख्खनच्या मुलाला हे वाचून हसू यायला हवे. वडाचे पान केवढे असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण मूळ पृष्ठ उघडलेच नाही, तर हसू येणार कोठून?

इंग्रजी काव्य अभ्यासक्रमातून हद्दपार करावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. विद्या कोठूनही घ्यावी, पण ती आपल्या डोळ्यांनी पारखून घ्यावी. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर कोणत्याही गाईडात सापडणार नाही. प्राध्यापकांनी तो विचारण्याचे धैर्य दाखवावे आणि पालकांनी गुणपत्रिकेपूर्वी मुलाच्या हातातील पुस्तक पाहावे. राजकीय पारतंत्र्य १९४७ मध्ये संपले. पाठांतराचे पारतंत्र्य संपविणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे.