बिघडवण्याचा उद्योग

लक्ष्मीपूजनाला भाची फराळाला आली होती. चकली मोडता मोडता मी सहज विचारले, "काय गं, तुझे जिवाणू काय म्हणतात?"

"सकाळीच एक प्रथिन बिघडवून आलेय, मामा."

हा उद्योग गेली चार वर्षे चालू आहे. निसर्गाने नीट ओवलेली माळ घ्यायची, तिच्यातला एक मणी बदलायचा आणि काय बिघडते ते पाहायचे. सणाच्या दिवशीसुद्धा! मी बोलून गेलो, "पोरी, घडवायचे काम कधी करणार?" तिने चकली ताटलीत ठेवली. घरातले सगळे एकदम गप्प झाले. मग तिने मला जे ऐकवले, ते वाचकहो, तुम्हीही ऐका.

आपल्या आतड्यात इ. कोलाय नावाचा जिवाणू राहतो. दुधातली साखर पचवण्याची सामग्री कशी करायची, हे त्याच्या डीएनएत लिहिलेले असते. पण साखरच नसताना ती करीत बसणे म्हणजे पाहुणे नसताना पुरणाचा घाट घालणे. म्हणून तिथे रिप्रेसर नावाचे एक प्रथिन वाट अडवून बसते. आमची आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची, अगदी तसे. साखरेचे किंचित बदललेले रूप येऊन चिकटले की त्याची पकड सुटते आणि वाट मोकळी होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील झाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली हे मांडले, तेव्हा रिप्रेसर कोणी वेगळा काढलेलाही नव्हता. बिघडलेल्या जिवाणूंच्या वागण्यावरून त्यांनी तो ताडला. १९६६ साली गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी तो हार्वर्डमध्ये हाती धरला. एका पेशीत त्याचे रेणू जेमतेम दहाएक!

आता बिघाडांची गंमत पाहा. एका बदलाने रिप्रेसर बहिरा होतो. साखर आली तरी उठत नाही, आणि भरल्या ताटापुढे जिवाणू उपाशी. दुसऱ्या बदलाने त्याची डीएनएवरची पकडच जाते. हा दुसरा भारी खट्याळ. रिप्रेसरच्या चार माळा एकत्र गुंफलेल्या असतात आणि डीएनए धरायला दोन माळांची टोके जोडीने लागतात. एकीचे टोक बिघडले की शेजारची धडधाकट असूनही निकामी. (आमच्या गृहनिर्माण संस्थेची कमिटी आठवली, पण ते असो.)

एका माळेत ३६० मणी. १९९४ साली अमेरिकेत मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक मणी बदलून केलेल्या चार हजारांहून अधिक रिप्रेसरांचा हिशेब प्रसिद्ध केला. अर्ध्याहून अधिक जागी कोणताही मणी बसवला तरी फारसे अडत नाही. पण सुरुवातीचे साठेक मणी, जे डीएनएला भिडतात, तिथे पुष्कळ ठिकाणी जराही चूक खपत नाही.

"म्हणजे शेवटी मोडतोडच ना?" मी हट्टाने म्हटले.

"सतरा आणि अठरा!" ती म्हणाली. म्युलर-हिल यांच्या प्रयोगशाळेने १९८७ साली या दोन जागांचे मणी काढून तिथे दुसऱ्या एका रिप्रेसरचे मणी बसवले. प्रथिन मोडले नाही. त्याने आपला जुना उंबरा सोडला आणि डीएनएवरचा वेगळाच उंबरा ओळखून तिथे ठाण मांडले. दोन मण्यांत पत्ता बदलला!

मी ती चकली उचलून पुन्हा तिच्या हातात दिली. "आणि आजचे तुझे?"

"उद्या कळेल. पकड सुटली असेल तर बशीत निळे ठिपके येतील, नाहीतर पांढरे."

पाडव्याला भल्या सकाळी फोन वाजला. अभ्यंगाचे तेल अंगावर तसेच ठेवून मी तो घेतला.

"मामा, फिकट निळे आलेत!"