दोष फॉन्टच्या वयाचा नव्हे

'नवी सॉफ्टवेअरं जुन्या फॉन्टचं कर्निंग वाचतच नाहीत' असा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा आक्षेप आहे. तो सरसकट खरा नाही.

जुन्या ट्रूटाइप फॉन्टमध्ये 'कर्न' नावाचा साधा तक्ता असतो: रोमन 'ए'च्या पुढे 'व्ही' आला, तर त्याला किती आत ओढायचं, अशा जोड्यांची यादी. पुढे ओपनटाइपने हे काम 'जीपॉस' तक्त्याकडे सोपवलं. क्रोम, फायरफॉक्स आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस ज्या हार्फबझ नावाच्या अक्षरमांडणीच्या इंजिनवर चालतं, ते आधी जीपॉसमध्ये कर्निंग शोधतं. तिथे नसेल, तर जुनाच तक्ता वापरतं. दोन्ही एकदम लावत नाही, आणि ते योग्यच. नाहीतर तीच जोडी दोनदा सरकेल. खरी फसगत होते ती डागडुजी केलेल्या फॉन्टमध्ये. कुणीतरी जीपॉसमध्ये चार जोड्या घालून ठेवतो आणि शेकडो जोड्यांची जुनी यादी निकामी होते. याचं खापर सॉफ्टवेअरवर का?

देवनागरीचं दुखणं मात्र वेगळं. इथे अक्षरं शिरोरेषेने बांधलेली. जोडी जवळ घेतली तर रेघेवर रेघ चढते, दिसत नाही. थोडी जास्त लांब सारली की रेघच तुटते. रोमनचे नियम इथे जसेच्या तसे लावू नयेत, हे पत्रलेखकांचं म्हणणं मला मान्य आहे.

बाकी, वर्ड वापरत असाल तर फॉन्टच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर कर्निंगची खूण केलेली आहे का, ते आधी बघावं.

— एक वाचक, पुणे