बाहुलीच्या घराला आतली दारंही हवीत

बाहुलीच्या घराचं पुढचं दार सगळेच हौसेनं करतात. रंग देतात, तोरण लावतात, कडीसुद्धा बसवतात. आत मात्र दोन खोल्यांच्या मधे भिंत चौकोनी कापलेली असते आणि तिलाच दार म्हणायचं. नाहीतर एक पट्टी भिंतीला चिकटवून टाकतात, ती ना उघडत ना मिटत. मला हे पटत नाही. घर करायचं तर आतली दारंही उघडमीट होणारीच करावीत.

नातीसाठी घर करायला घेतलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, समोरची बाजू उघडीच आहे, आतलं सगळं दिसतंच. मग आतल्या दारांचा उपयोग काय? उगाच जागा अडेल." मी कॉमर्सची पदवीधर. समोरच्याची बाजू जमेला धरल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी त्याचा हिशेब मांडते.

या घरांचं माप बहुतेक वेळा एका फुटाला एक इंच असं धरतात. म्हणजे ७ फुटांचं दार ७ इंच उंच आणि अडीच फुटांचं दार अडीच इंच रुंद. असं दार पूर्ण उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ फिरतं, त्याला साधारण ५ चौरस इंच मोकळे सोडावे लागतात. आमची खोली १० बाय ८, म्हणजे ८० चौरस इंचांची. तिच्यात उघडणारी दोन दारं असली की १० गेले, आठवा हिस्सा. पलंगाला २४ लागतात. तेव्हा मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. जागा अडतेच.

पण हाच हिशेब मी एकदा खऱ्या घरात पाहिला आहे. लग्न होऊन आले तेव्हा तीन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. मधल्या दारांच्या फळ्या काढून माळ्यावर टाकलेल्या होत्या, जागा अडते म्हणून. चौकटींना पडदे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास मी पडद्याआड केला, म्हणजे झालाच नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. पडदा बाजूला सारायला कुणाला विचारावं लागत नाही, इतकंच. जागा वाचली खरी. काय गेलं, ते मात्र कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही.

मोठ्या लोकांनीही ही लहान घरं गंमत म्हणून केलेली नाहीत. इंग्लंडमध्ये राणी मेरीसाठी एडविन ल्यूटन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात याच मापाचं घर उभं केलं. त्यात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्टही चालते. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४०च्या दशकात पोलिसांना तपास शिकवण्यासाठी छोट्या खोल्या तयार केल्या, त्याही याच मापाच्या. दार उघडं होतं की आतून बंद, यावरून तिथे काय घडलं ते ओळखायचं. खोलीत काय चाललंय, ते दार सांगतं.

आता करायचं कसं, ते सांगते. घरच्या दाराची फळी साधारण ३५ मिलिमीटर जाड, तिचा बारावा भाग ३ मिलिमीटर. म्हणून ३ मिलिमीटरचं प्लाय घ्या. इवल्या पितळी बिजागऱ्या मिळतात, पण त्यांचे खिळे माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि चिकटवताना गोंद आत गेला की बिजागरी जाम होते. त्यापेक्षा जुन्या वाड्यांची युक्ती बरी. ती दारं लाकडाच्या खुंटीवर वर-खाली फिरायची. आपण टाचणीवर फिरवू.

दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला, कोपऱ्यापासून दीड मिलिमीटर आत, जाडीच्या बरोबर मधे, बारीक भोक पाडा. डोकं कापलेली टाचणी त्यात चिकटवा. दोन्ही टाचण्या एका रेषेत हव्यात. फिरणारी कड पॉलिश पेपरनं घासून गोल करा, नाहीतर कोपरा चौकटीला अडतो. चौकटीतल्या भोकाला गोंद लावू नका, टाचणीला जरासं व्हॅसलीन लावा. चौकटीची वरची पट्टी सगळ्यात शेवटी बसवा, म्हणजे दार आत घेता येतं. चहूबाजूंनी एक मिलिमीटर फट सोडा, रंगाचा थरही जागा खातो. टेबलावर वीसेक वेळा उघडमीट करून बघा आणि मगच चौकट भिंतीत बसवा.

गोंदाचं एक सांगते. जुने सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या हाडाकातड्यांचा असतो, आपल्या घरात नको. साधं फेविकॉल पुरतं.

माझी चूक तुम्ही करू नका. मी आधी दार बसवलं, नंतर फरशीचा कागद चिकटवला आणि वर सतरंजी घातली. दार जागचं हलेना. सगळं उचकटून खालून तासावं लागलं. फरशी आधी, दार नंतर.

घर पूर्ण झालं. नातीनं बाहुलीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मी छोटी उशी ठेवायला बोटानं दार ढकललं, तर म्हणाली, "आजी, आधी टकटक कर ना. ती आत आहे."

सूनबाई तिथेच बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण मला कळायचं ते कळलं. कपड्यांच्या घड्या घेऊन मी तिच्या खोलीत सरळ शिरते. आपल्याच घरात कसली परवानगी, असं म्हणून. माळ्यावर फळ्या टाकणारेही हेच म्हणाले असतील.

दुसऱ्या दिवशी घड्या घेऊन गेले आणि दारावर टकटक केली. आतून घाबरून आवाज आला, "काय झालं, आई?" तिला वाटलं, काहीतरी अघटित घडलंय. अजूनही चारातून एकदा विसरतेच. मग दाराशी गेलेली परत मागे येते आणि टकटक करते.

मुलाला सांगितलं, दहा चौरस इंच गेले ते खर्चात धर. पलंग थोडा भिंतीकडे सरकवला, तेवढ्यानं भागलं.