थेंबभर औषध आणि वैशाखातला प्रवास

वैशाख लागला की आपल्या घरांतून प्रवासाची गडबड सुरू होते. इंदूरची मंडळी पुण्याच्या लग्नाला निघतात, बडोद्याची सांगलीच्या मुंजीला, आणि ग्वाल्हेरची काही कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनासाठी थेट गोव्यापर्यंत जातात. आहेर, दशम्या, लसणीची चटणी सारे आठवणीने बांधले जाते. घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांचे औषध मात्र फ्रिजच्या दारातच राहते. कधी विसरून, तर कधी ‘वाटेत खराब होईल, चार दिवसांनी काय बिघडते’ अशा समजुतीने. काय बिघडते, आणि ते टाळावे कसे, याचा विचार आज करू.

फ्रिजमध्ये ठेवावयाच्या थेंबांपैकी आपल्या घरांत पुष्कळदा आढळणारे औषध म्हणजे काचबिंदूवरील लॅटॅनोप्रॉस्ट. ते रोज संध्याकाळी एक थेंब घालावयाचे असते आणि डोळ्यातील दाब सुमारे एक दिवस आटोक्यात ठेवते. काचबिंदू बहुधा दुखत नाही, लाली आणत नाही. दृष्टीची नस मात्र हळूहळू क्षीण होत जाते, आणि गेलेली दृष्टी पुन्हा येत नाही. म्हणूनच लग्नघरात चार संध्याकाळ थेंब चुकले तरी त्या वेळी कोणालाच काही जाणवत नाही. या आजाराचा खरा धोका हाच आहे.

आता वेष्टनावरील मजकूर नीट वाचावा. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी, आणि उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत चार ते सहा आठवडे चालते, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. म्हणजे वापरात असलेल्या कुपीला फ्रिजच हवा असे नाही. पण वेष्टनावरची ही ‘खोली’ आपली नव्हे! माळव्यात किंवा तेलंगणात मे महिन्यात दुपारी घरातही ३५ अंश सहज होतात, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याहून पुष्कळ अधिक. तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. या औषधाच्या मूळ अमेरिकन उत्पादनाच्या माहितीपत्रकात, बंद कुपी रुग्णाकडे पोहोचेपर्यंत ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत जास्तीत जास्त ८ दिवस राहिली तरी चालते, असे नमूद आहे. तेव्हा एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाने औषध फुकट गेले असे समजून थेंब बंद करणे सर्वथा चुकीचे होय. मात्र प्रत्येक औषधाचे नियम सारखे नसतात; आपल्या कुपीचे वेष्टन हेच प्रमाण मानावे.

उष्णतेइतकाच दुसरा शत्रू म्हणजे अतिथंडी. पुष्कळ घरांत प्रेमापोटी कुपी फ्रीझरमधील बर्फाच्या पिशवीला चिकटवून बांधतात. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ उणे १५ ते १८ अंश इतका गार असतो. त्याच्या स्पर्शाने औषध गोठते, आणि गोठलेले औषध वापरू नये. वितळू लागलेला बर्फ मात्र शून्याच्या खाली जात नाही. लहान मुलांच्या लसी गावोगाव नेणाऱ्या आरोग्यसेविका हे जाणतात. त्या बर्फाच्या चपट्या बाटल्या थोडा वेळ बाहेर ठेवतात आणि हलवून आत पाण्याचा खळखळ आवाज आला म्हणजेच पेटीत घालतात. आपणही तोच धडा गिरवावा.

त्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा. तळाशी बर्फाचे तुकडे व थोडे पाणी घालावे. कुपी तिच्या खोक्यासह घट्ट झाकणाच्या लहान डबीत ठेवावी, डबी हातरुमालात गुंडाळावी आणि बर्फावर अलगद बसवावी. खोके टाकू नये, कारण या औषधाला उजेडही मानवत नाही. एक किलो बर्फ वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तितकेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे चांगल्या थर्मासात मूठभर बर्फही बराच वेळ टिकतो. थर्मास वारंवार उघडू नये.

बर्फ मिळाला नाही तर आपल्या माठाची युक्ती आहेच. ओल्या सुती फडक्यात गुंडाळलेली डबी वाऱ्यावर ठेवली की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. मात्र ही युक्ती हवेवर अवलंबून असते. गोवा एक्सप्रेसने ग्वाल्हेरहून निघालात तर उत्तरेच्या कोरड्या हवेत ती उत्तम चालेल. घाट उतरून गोव्याच्या दमट हवेत शिरताच फडके वाळेनासे होईल आणि डबी गार राहणार नाही. तेथे थर्मासच हवा. वातानुकूलित डब्यात वापरातील कुपी हातपिशवीत सावलीत ठेवली तरी पुरते. विमानाने जाताना ती सामानात न देता जवळ बाळगावी.

मुक्कामी पोहोचल्यावर यजमानीणबाईंना संकोच न करता सांगावे. कुपी फ्रिजच्या मधल्या फळीवर, डबीवर नाव लिहून ठेवावी. फ्रीझरलगत किंवा दारात नको. कुपी उघडल्याची तारीख खोक्यावर टिपावी. डॉक्टरांची चिठ्ठी, तीत औषधाचे शास्त्रीय नाव स्पष्ट लिहिलेले, पाकिटात असावी. म्हणजे कुपी फुटली, हरवली वा तापली तर परगावी त्याच दिवशी नवी घेता येते. वारंवार लांबचे प्रवास घडत असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण बायमॅटोप्रॉस्टसारख्या काही थेंबांना फ्रिज लागत नाही. औषध आपल्या मनाने मात्र बदलू नये.

औषध गार ठेवणे हे साधन आहे, थेंब न चुकणे हे साध्य. मंगलाष्टकांच्या गर्दीत संध्याकाळची ती वेळ घरातील एखाद्या नातवाकडे सोपवावी. आजोबांना हाताला धरून बाजूला नेऊन थेंब घालणे हे त्या मांडवातील लहानसे काम, पण पुढल्या लग्नातही अक्षता टाकताना त्यांना वधूवर नीट दिसावेत, एवढे त्याचे मोल आहे.