बरणीतले मीठ आणि पानातले मीठ

पावसाळ्याच्या तोंडावर अंबरनाथ-बदलापूरच्या घरांतून कैऱ्या फोडल्या जातात आणि उल्हासनगरच्या गच्च्यांवर पापड वाळत असतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी कुटुंबांनी सलगम-गाजराचे, मोहरी घालून पाण्यात आंबवलेले लोणचे सोबत आणले. शेजारच्या मराठी घरातील कैरी तेलात मुरते. पद्धती निराळ्या, पण दोन्ही घरांत साठवणीची सूत्रे बहुधा थोरल्या स्त्रीच्या हाती असतात. आणि आज डॉक्टरांनी ‘लोणचे बंद’ असे सांगितलेलीही प्रायः तीच असते.

यावर अनेक घरांत एक सोयीचा तोडगा निघतो: बरणीतच मीठ निम्मे घालायचे. हेतू चांगला असला तरी हा मार्ग चुकीचा आहे. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते आणि उरलेले पाणी जंतूंना वापरता येऊ देत नाही. लोणचे टिकते ते या कारणाने. मीठ निम्मे केले की हेच संरक्षण ढासळते आणि आपल्याकडच्या दमट हवेत महिनाभरातच बुरशी धरते. वरची बुरशी काढून खालचे वापरणे तर मुळीच योग्य नव्हे, कारण तिचे तंतू व विषारी द्रव्ये खालपर्यंत गेलेली असू शकतात.

म्हणून मीठ कमी करायचे ते पानात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. तेलातल्या कैरीच्या लोणच्यात साधारण दहावा हिस्सा मीठच असते. म्हणजे १५ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यातून सुमारे दीड ग्रॅम पोटात जाते. त्यावर पापड आला की दिवसाचा निम्मा वाटा एकाच जेवणात संपण्याची शक्यता असते. त्याऐवजी एक लहानशी फोड, खार निथळून, तीही पापड नसलेल्या दिवशी वाढावी. उच्च रक्तदाब असलेल्या पुष्कळांना एवढी मुभा मिळू शकते. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. कमी सोडियमचे मीठ परस्पर आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते.

आजींच्या हातच्या अंदाजाविषयीही थोडे. वयानुसार, आणि काही औषधांमुळेही, जिभेची चव मंदावते. मग ‘चवीपुरते’ मीठ नकळत वाढत जाते. प्रमाण त्यांच्याच तोंडून विचारून एकदा वजन करून लिहून ठेवावे. त्यांना बरणीपासून दूर करण्याचे काहीच कारण नाही. लोणचे घालणे आणि लोणचे खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली बंद करा असे कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नसते!

अलीकडे वाफवलेले मटार, मका, फरसबी हवाबंद बाटल्यांत भरून महिनोन्‌महिने ठेवण्याची हौस वाढली आहे. या भाज्यांत आंबटपणा नसतो, त्यामुळे हवा नसलेल्या बाटलीत बोट्युलिझमचे विष तयार होण्याचा धोका राहतो. त्याचे जंतुबीज साध्या उकळीने मरत नाहीत आणि घरातला कुकर या कामासाठी बनवलेला नसतो. मटार गोठवून ठेवणेच बरे.

राहिले जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. अंबरनाथ तालुक्यात तर जांभूळ नावाचे गावच आहे. हे फळ जेमतेम एक-दोन दिवस टिकते, म्हणून त्याचे सरबत करून ठेवतात आणि मधुमेही आजोबांना ‘गुणकारी’ म्हणून ग्लासभर देतात. ते सरबत टिकते मात्र साखरेवर, आणि ती साखर रक्तात चढणारच. त्यांना हंगामात आठ-दहा ताजी जांभळे द्यावीत. बियांची पूड घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. तिच्या भरवशावर गोळी चुकवू नये.